पस्तीसची बिअर

वाहता नळ दिसला की मावशी आधी तो बंद करत आणि मग माणसाकडे वळत. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला एका रिटायर्ड सर्जननी कलिंगड धुताना नळ तसाच सोडला, तर सगळ्यांदेखत त्यांना म्हणाल्या, "डॉक्टर, ऑपरेशनच्या वेळी रक्तही असंच सोडायचात का?" तेव्हापासून मंडळात त्यांचं नाव 'बॉयलर' पडलं. त्यांना ते माहीत होतं. "बॉयलर निदान कामाला येतो," म्हणायच्या, "तुमची कमिटी येते का?"

मूळच्या लातूरकडच्या. लहानपण टँकरच्या रांगेत गेलेलं. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला, सॉस बनवणाऱ्या एका फॅक्टरीच्या लॅबमध्ये त्यांनी नोकरी केली. त्यांचे यजमान, आमचे काका, वारल्यावर मोठ्या घरात एकट्या उरल्या आणि बेसमेंटची खोली मला दिली. मी नववीत शाळा सोडलेला, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये तंदूरवर उभा राहणारा. इंग्रजी पत्र आलं की पाकीट फोडायचं धाडस व्हायचं नाही. मावशी ते हातातून हिसकावून उभ्याउभ्या फाडत. "डेंटिस्टची जाहिरात आहे, मूर्खा! जेवलास का?" इतक्या रागाने माझी काळजी कुणी केली नव्हती.

रिटायर झाल्यावर त्या गॅरेजमध्ये बिअर करायला लागल्या. प्यायच्या अर्धा ग्लास, पण करण्याचा नाद जबर. बिअरवाले माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड काढा उकळतात आणि त्यात हॉप्स नावाची कडू फुलं घालतात. हॉप्स जितका वेळ उकळतील तितकी बिअर कडू. मग तांब्याच्या नळीतून गार पाणी सोडून काढा झटपट थंड करायचा, म्हणजे कडूपणा वाढायचा थांबतो. ते पाणी बहुतेक जण गटारात सोडतात. मावशींना हे बघवेना. त्या उकळता काढा थेट जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरत, झाकण घट्ट लावत, वर जुनं पांघरूण टाकत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला हात लावू देत नसत.

आता गंमत अशी, की कॅनमध्ये काढा कितीतरी वेळ गरम राहतो आणि हॉप्स आपले कडू सोडतच राहतात. कॉम्प्युटरवरचा हिशेब झटपट गार करणाऱ्यांसाठी लिहिलेला, तो हे धरत नाही. "गॅस बंद केला म्हणून आमटी शिजायची थांबते का?" मावशी कॉम्प्युटरवर ओरडायच्या. शेवटी घातलेले हॉप्स वीसेक मिनिटं जास्त उकळले असं त्या मनाशी धरत आणि तेवढे ते उशिरा घालत. बिअर तयार व्हायच्या आधीच कडूपणाचा आकडा जाहीर करत. मग तोच आकडा छापलेली दुकानातली बाटली आणून दोन्हींचे घोट ताडून बघत. सुरुवातीच्या बिअरी कारल्याच्या रसासारख्या झाल्या. पुढे पुढे त्यांचा अंदाज चुकेनासा झाला.

त्यांचा मुलगा निखिल देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला असतो. त्या हिवाळ्यात तो आला तो मनाशी ठरवूनच. "आई, तू एकटी राहतेस, आय ॲम नॉट कम्फर्टेबल. परवा गॅस चालू राहिला होता ना?"

"एकदा राहिला. तुझ्या बायकोचा कधी राहत नाही?"

"आई, प्लीज. तू विसरतेस हल्ली. आपण घर विकू या."

मावशींनी पळी आपटली. "ठीक आहे. उद्या बिअर लावते. सगळे हॉप्स अगदी शेवटी घालणार, नुसत्या कॅनमधल्या उष्णतेवर. कडूपणा पस्तीस होईल. झाली, तर मी इथेच राहणार आणि तू तोंड उघडायचं नाहीस. नाही झाली, तर येते तुझ्याकडे."

निखिल हसला. "डील."

दुसऱ्या दिवशी मावशींनी बिअर लावली. मी कामावर होतो. महिन्याभराने निखिल पुन्हा आला, तेव्हा आम्ही तिघं ओट्याशी उभे राहिलो. एक ग्लास दुकानातल्या पस्तीसचा, एक मावशींचा. मावशींनी आपला घोट घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला. मीही घेतला. नुसतं गुळाचं पाणी! कडू म्हणून नावाला नाही.

"हॉप्स घालायला विसरलीस का, आई?" निखिलने विचारलं. प्रेमाने विचारलं, तेच मला जास्त झोंबलं.

"घातले होते," मावशी म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "घातले होते ना?"

हे त्या मला विचारत होत्या.

त्यानंतर त्या चिडायच्याच थांबल्या. किचनमध्ये मी मुद्दाम नळ सोडून पाहिला. त्यांनी नुसता बंद केला आणि गेल्या. माझी पत्रं फोडल्यावर चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचायला लागल्या, 'बरोबर वाचलं ना मी?' म्हणायला लागल्या. घराच्या कागदांवर सह्या केल्या. घर विकलं गेलं.

सामान बांधायला निखिल आला. खोके चिकटवता चिकटवता मला म्हणाला, "यार, ती गॅरेजमधली बिअर म्हणजे फुल ड्रामा होता. मी तर आईला हेल्पपण केली होती. दुपारी कॅन भरून ती लगेच झोपली, कॅन इतका हॉट होता, मी टबमध्ये बर्फ आणि पाणी भरून त्यात ठेवला. लवकर गार करणं बेटर असतं, वाचलं होतं मी. मग पुसून परत ठेवला, पांघरूण वगैरे घालून."

माझ्या हातातली टेप खाली पडली. मी घाबरट माणूस. बॉसपुढे, पोलिसापुढे, बँकेतल्या पोरीपुढेसुद्धा माझा आवाज निघत नाही. त्या दिवशी निघाला. "मावशी!" मी ओरडलो. "मावशी, इकडे या! ह्याने कॅन बर्फात ठेवला होता!"

मावशी आल्या. निखिलला त्यांनी एकच विचारलं, "किती वेळ?"

"आय डोंट नो. तासभर? जस्ट बिअर आहे, आई."

त्यांनी फ्रिजमधून त्या बिअरची बाटली काढली, फोडली, घोट घेतला. ओठ हलत होते, हिशेब चालला होता. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. कॅन बर्फात ठेवला तर एवढीच कडू होणार. अगदी बरोबर आहे!" आणि ज्या बाईने कधी अर्ध्या ग्लासापलीकडे बिअर घेतली नाही, तिने ती गुळमट बाटली उभ्याने संपवली.

मग त्या निखिलकडे वळल्या. "गाढवा! मला तू वेडी ठरवलंस, आणि मी ठरले! महिनाभर रोज गॅसचं बटण चारदा बघतेय मी. स्वतःचं नाव आठवतंय का, ते बघतेय! तुला विचारायला काय झालं होतं? 'आई, हात लावू का?' एवढंच विचारायचं होतं!"

"सॉरी, आई. माय बॅड," निखिल म्हणाला. आणि त्याने पुढचा खोका उघडला.

माय बॅड! शाळेत कुणाच्या वहीवर शाई सांडली की आम्ही 'सॉरी' म्हणायचो, तेवढ्याच आवाजात. घर तर गेलेलंच होतं. नव्या मालकाचे पडदेसुद्धा ठरले होते. मलाही खोली शोधायची होती, पण राग त्याचा नाही. चांगल्या शहाण्या बाईला तिच्याच डोक्याची भीती घातली, आणि ती कुणी घातली हे ज्याला कळायला हवं, त्याला अजून कळलेलं नाही.

मावशी फ्रीमाँटला गेल्या. मी विमानतळावर गेलो नाही. निखिलशी हात मिळवावा लागला असता. सिक्युरिटीच्या रांगेतून मावशींचा फोन आला. मी का आलो नाही म्हणून त्यांनी मला इतक्या जोरात झापलं, की मागून कुणीतरी त्यांना 'मॅम, मॅम' करत होतं. मी फोन कानापासून लांब धरला नाही.