लॅपटॉपमध्ये काहीच बिघाड नव्हता

वायफाय तुटताना आवाज होत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा. मिक्सर जळला तर वास येतो, पंखा बिघडला तर कुरकुरतो. वायफाय नुसतं जातं. स्क्रीनवर पुण्याच्या बाईंचं तोंड अर्धं उघडं राहतं, खाली कोपऱ्यात वायफायच्या खुणेच्या जागी पृथ्वीचा गोल येतो, आणि आपण आपले बोलतच असतो. पाच-सहा वाक्यं झाल्यावर कळतं की समोर ऐकायला कुणी नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, हायवेच्या फाट्यापासून चालत वीस-पंचवीस मिनिटं. घरात मी आणि आई. बाबा मुंबईला एका बिल्डिंगवर वॉचमन आहेत, गणपतीला आणि शिमग्याला येतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. महाडला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि पुण्याच्या एका कंपनीचं घरी बसून करायचं काम मिळवलं. औषध घेतल्यावर कुणाला काय त्रास झाला याचे अहवाल येतात, ते वाचून ठरलेल्या रकान्यांत भरायचे. परीक्षा दिली, दोन मुलाखती दिल्या, काम मिळालं. कुणाच्या ओळखीने नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे एमआयडीसीतलं काम ओळखीने लागतं. आतल्या कुणीतरी साहेबांकडे तुमच्यासाठी शब्द टाकावा लागतो.

पहिले तीन महिने चाचणीचे होते. दुसऱ्या महिन्यात वायफाय तुटायला लागलं. तिसऱ्यांदा मी मीटिंगमधून गायब झाले तेव्हा पुण्याच्या बाईंनी सरळ लिहिलं, असंच चाललं तर पुण्याला ऑफिसात येऊन बसावं लागेल, नाहीतर चाचणी इथेच संपवू. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मी पुण्याला गेले असते तर आई एकटी पडली असती. तिला गुडघ्यांमुळे विहिरीची पायरीही उतरता येत नाही.

आता वायफाय कुठून यायचं ते सांगते. वाडीत फायबरची वायर थोरल्या काकांच्या घरापर्यंतच आली आहे. ते घर आमच्या समोर, मध्ये एकच अंगण. काका आता नाहीत. काकी आणि त्यांचा मुलगा, माझा दादा, राहतात. दादा दहावीनंतर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लागला, तिथेच आहे. कनेक्शन त्याच्या नावावर आणि राउटर काकीच्या ओटीवर, भिंतीला. आमच्याकडे सिग्नल खिडकीतून येतो.

या दादाबद्दल आधी एक सांगायला हवं. मी कॉलेजात जायचं म्हटलं तेव्हा घरात प्रश्न पडला की पोरगी रोज महाडला जाणार कशी. दादा म्हणाला, "मी सोडीन तिला." आणि तीन वर्षं सोडलं. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे त्याच्या मोटरसायकलवर मागे बसायचं. साडेसहाला तो मला कॉलेजच्या फाटकाशी उतरवून पुढे एमआयडीसीत जायचा. फाटक उघडेपर्यंत मी पायरीवर बसून वाचायचे. सेकंड असली की सकाळी एसटीने जायचं. नाइट असली की तो सकाळी सुटून घरी यायचा, तोंड धुवायचा आणि मला सोडायला परत निघायचा. फर्स्ट, सेकंड, नाइट. दर आठवड्याला बदल. मला त्याच्या शिफ्टा पाठ होत्या. पास झाले तेव्हा त्याने सगळ्या वाडीत पेढे वाटले आणि तेव्हापासून मला मॅडम म्हणायला लागला.

तर वायफाय. माझा मोबाईल त्याच वायफायवर होता आणि तो चालायचा. काकीचा टीव्ही चालायचा. तुटायचं ते फक्त लॅपटॉपचं. पुन्हा जोडायला जावं तर 'जोडता येत नाही' एवढंच यायचं. मग अर्ध्या तासाने आपोआप सुरळीत. मोबाईल चालतो, लॅपटॉप चालत नाही, म्हणजे दोष लॅपटॉपचा. मी शिकलेली मुलगी, पायरीपायरीने जाणार. इंटरनेटवर वाचलं की वीज वाचवण्यासाठी लॅपटॉप स्वतःच वायफायचा भाग झोपवतो. ती बरोबरची खूण काढून टाकली. ड्रायव्हर नवा घातला, मग तो काढून जुना घातला. नेटवर्क विसरायला लावून नव्याने जोडलं. नेटवर्कचं सगळं मूळपदावर आणलं, तेव्हा सगळे पासवर्ड गेले ते वेगळंच. राउटरची दोन नावं असतात, एक वेगवान आणि एक लांब पोहोचणारं. लांबवालं धरलं. काकीच्या ओटीवर राउटरच्या आड पत्र्याचं कपाट होतं, ते दोघींनी मिळून सरकवलं. राउटरच्या आतल्या सेटिंगमध्येही बघायचं होतं, पण मागच्या चिकटपट्टीवरचा पासवर्ड चालेना. दादाला विचारलं तर म्हणाला, "वायरवाल्याने बदलला असंल. त्याला विचारतो." वायरवाल्याला मीच फोन केला. तो म्हणाला, कशेडी घाटात दरड आलीय, केबलला मार बसलाय. दरड आली होती, खोटं नाही. पण दरड निवडून एकाच लॅपटॉपवर कशी पडेल?

दर वेळी राउटर बंद-चालू करायला मी काकीकडे धावायचे. काकी चहा टाकायची. म्हणायची, "मशीन जुनी झाली असंल गो तुझी. किती डोळे फोडतंस त्यात."

शेवटी लॅपटॉप घेऊन महाडला दुरुस्तीवाल्याकडे गेले. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांवर चष्मा, कपाळावर दुसरा. त्याने आतलं वायफायचं कार्ड काढून दुसरं लावून पाहिलं, परत पहिलं लावलं. दोन दिवस दुकानात चालू ठेवला. एकदाही तुटलं नाही.

"लॅपटॉपमध्ये काय नाय," तो म्हणाला. "घरात बघा."

"घरात काय बघू? तुम्हाला सापडत नाही असं सांगा ना सरळ."

"मला सापडलं म्हणूनच सांगतोय, ताई."

मी लॅपटॉप उचलला आणि आभार न मानता निघाले. हा माणूस आपलं अज्ञान माझ्या घरावर ढकलतोय, असं बसमध्ये सगळा वेळ मनात चाललं होतं.

त्यानंतर मी वही सुरू केली. कॉलेजात प्रयोगाची वही ठेवायचे तशीच. किती वाजता तुटलं, किती वाजता आलं. एका आठवड्यात रोज अकराच्या आसपास, आमच्या मीटिंगच्याच वेळेला. म्हटलं, चला, काहीतरी हाताला लागलं. पुढच्या आठवड्यात अकराला एकदाही नाही. तुटायचं ते सव्वादोनला, यायचं पावणेतीनला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुपारी चारनंतर कधीही. तीन आठवडे पानं भरली आणि मी त्याला काही नियम नाही असं ठरवून टाकलं.

मग एका सकाळी अकराला पुन्हा गेलं. मी वही हातातच घेऊन काकीच्या ओटीवर गेले. राउटरच्या शेजारी, खिळ्याला, दादाच्या कंपनीचा शिफ्टचा तक्ता लटकवलेला असतो. डबा कधी करायचा ते काकी त्यावर बघते. मी राउटरच्या बटणाला हात लावला आणि नजर तक्त्यावर गेली. या आठवड्यात फर्स्ट. मागल्या आठवड्यात नाइट. त्याच्या मागे सेकंड, त्याच्याही मागे फर्स्ट.

वही उघडून तक्त्याला लावली. फर्स्ट, तेव्हा अकरा. त्यांची कॅन्टीनची सुट्टी अकरा ते साडेअकरा, आणि कॅन्टीन गेटच्या बाहेर, तेवढा वेळ फोन परत मिळतो. सेकंड, तेव्हा सव्वादोन ते पावणेतीन. माझं कॉलेज संपल्यापासून दादा कंपनीच्या बसने जातो, ती फाट्यावर सव्वादोनला येते, आणि पावणेतीनला फोन गेटवर जमा करावा लागतो, केमिकल प्लांटमध्ये आत नेऊ देत नाहीत. नाइट असताना तो झोपून उठतो चारला.

मी बटण न दाबता खाली बसले. आत काकी म्हणाली, "चालू झाला काय गो?"

"होईल," मी म्हटलं. "साडेअकराला होईल."

आणि झालं.

त्या दिवशी दादा चार वाजता फाट्यावरून चालत आला. काकी अंगणात वाल निवडत बसली होती. मी पायरीवर.

"दादा, फोन दे तुझा."

"कशाला गो, मॅडम?"

"दे."

त्याने लगेच दिला. नाही म्हणाला असता, उलट भांडला असता, तर मला शंकेला तरी जागा राहिली असती. काकीनेही मान वर करून काय झालं म्हणून विचारलं नाही. वाल निवडत राहिली. तेव्हा तिलाही ठाऊक होतं हे कळलं. माझ्यासाठी टाकलेले ते सगळे चहा आठवले.

वायरवाल्याचं ॲप होतं. मला वाटायचं ते रिचार्जपुरतं असतं. उघडलं तर आत राउटरला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी. प्रत्येकीला दादाने नाव दिलं होतं. 'आई टीव्ही'. 'काकी मोबाईल', म्हणजे माझ्या आईचा. आणि 'मॅडम ऑफिस'. प्रत्येक नावापुढे एक बटण. मी माझ्या नावापुढचं दाबून पाहिलं. लाल झालं. समोरच्या खिडकीतून मला माझा लॅपटॉप दिसत होता. कोपऱ्यातला तो गोल एवढ्या लांबून दिसत नाही, पण तो आला असणार.

"अर्धा तासच करायचो," दादा म्हणाला. "जास्त नाय. दिवसभर बंद ठेवायला मन झाला नाय."

"का?"

तो बूट काढत होता. एक काढला, दुसरा तसाच.

"साहेबांनी लॅबमधली जागा अजून ठेवलीय गो. मी शब्द टाकलेला तुझ्यासाठी. सांगितलेला ना तुला? कॅन्टीनला रोज विचारतात, काय रे, बहीण कधी येते? बसमधी पोरं हसतात, याची बहीण आता पुण्याची झाली, हिला आपली लॅब कशाला. मग तिथंच बसून दाबायचो. म्हटलं, दोन-चारदा बंद पडला की कंटाळशील. लॅबमधी येशील. आईजवळ राहशील, माझ्या गाडीवर येशील-जाशील. पयल्यासारखी."

"मी आईजवळच आहे, दादा! म्हणूनच तर हे काम घेतलं. तू मला पुण्याला पाठवायला निघाला होतास."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. चेहऱ्यावर दिसलं.

"मला विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"विचारला, लॅबमधी येशील काय म्हणून. तू काय बोललीस? वायरवाला आलेला, त्याच्या समोर. 'दादा, तुला नाय कळायचं.'"

बोलले होते मी. अगदी याच शब्दांत. त्याचं आजही वाईट वाटतं. पण त्या एका वाक्याची फेड दीड महिना, रोज, तोंडावर हसत आणि 'काय मॅडम, झाली मीटिंग?' असं विचारत करायची?

काकी आता बोलली. "भल्यासाठीच केला ना गो भावाने? तुला काय मारला नाय, झोडला नाय."

माझ्या नावापुढचं बटण परत हिरवं करून मी फोन दिला आणि घरात आले. आईला सगळं सांगितलं. ती गुडघा चोळत म्हणाली, "मोठं नको करू. अंगण एक हाय आपलं." तिच्याकडूनही मला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं.

पुण्याच्या बाईंना कारण कळवायचं होतं. माझ्याच भावाने माझं तोंड मध्येच बंद केलं, हे मी कुठल्या रकान्यात भरू? लिहिलं, 'राउटरच्या सेटिंगमध्ये दोष होता. सापडला. पुन्हा होणार नाही.' त्याच्यासाठी मी खोटं बोलले, याचीच जास्त चीड आली. त्यांनी एक महिना वाढवून दिला. त्या महिन्यात मी एकदाही गायब झाले नाही, आणि मला कायम केलं.

महाडला गेले तेव्हा दुरुस्तीवाल्याच्या दुकानात मुद्दाम शिरले.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हटलं.

"सापडलं?"

"सापडलं."

"काय होतं?"

"घरातलंच."

त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, डोळ्यांवरचा कपाळावर ढकलला आणि तो कामाला लागला.

आता मी माझ्या नावावर वेगळी वायर घेतली आहे. ती त्यांच्याच खांबावरून, त्यांच्या कौलांवरून आणावी लागली. वायरवाला वर चढला तेव्हा दादा न सांगता शिडी धरून उभा राहिला. काम होईपर्यंत धरली. मी 'चहा घेतोस?' विचारलं, तो 'नको' म्हणाला. त्यानंतर त्याने मला मॅडम म्हटलेलं नाही. नावाने हाक मारतो.

वायफाय अजूनही अधूनमधून जातं. कधी वानरं वायरीला लटकतात, कधी खाली हायवेवर कुणी खोदतं. राउटर माझा, पासवर्ड माझा, ॲप माझ्याच फोनात. तरी गोल दिसला की मी वायरीकडे बघत नाही. आधी घड्याळाकडे बघते. मग बोटांवर मोजते, या आठवड्यात दादाची कुठली शिफ्ट आहे.