रीळ येईस्तोवर

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी आखातातल्या अब्बासियात आमच्या घरात तांदूळ निवडत होते. पूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा त्यांचा मुलगा आता मिरजेलाच असतो. तोच बोलत होता. शेवटपर्यंत तोंड चालू होतं म्हणाला... मला हसू आलं आणि मग मी तांदळाचं ताट बाजूला सरकवलं.

नव्वदच्या उन्हाळ्यात नाना मुलाकडं राहायला आले, ते आल्या दिवसापासून इमारतभर बोलत सुटले. मूकपटांच्या काळात त्यांचे वडील तंबूत पडद्याशेजारी काठी घेऊन उभे राहत आणि चाललेली गोष्ट लोकांना सांगत. छोटे नाना मारामारीला ढोलकी बडवत. पडद्यावर देव आले की माणसं चपला काढून हात जोडत. घोड्यावरून उडी मारणाऱ्या नटीचा खेळ लागला तर लोक बैलगाड्या जुंपून पुन्हा पुन्हा येत. स्वस्त तिकिटवाले पडद्याच्या मागं बसत, त्यांना सगळे योद्धे डावखुरे दिसत. शेवटचं रीळ कधी दुसऱ्या गावाहून वेळेवर पोचत नसे. मग वडील आपल्या मनानं गोष्ट पुरी करत.

ऑगस्टात शेजारच्या देशाच्या फौजा शिरल्या तेव्हा आमच्या सईचे बाबा सुलैबिया भागात कामावर होते. फोन बंद, रस्ते बंद. सहा वर्षांची सई जेवेना. सैनिक घराघरांतून टीव्ही उचलून नेतात असं कानावर आलं, म्हणून आम्ही आवाज पार बंद ठेवत असू. घरात सिनेमाची एकच कॅसेट, तीही बोटीवर गेलेला बाप शेवटी मरतो अशी. दुपारी नाना खाली आले, माझं लाटणं हातात घेतलं आणि मुक्या टीव्हीशेजारी उभे राहिले. खलनायकाला त्यांनी आमच्या रखवालदाराचं नाव देऊन टाकलं. किती दिवसांनी सई खुदकन हसली! शेवट जवळ येताच त्यांनी व्हिडिओ थांबवला. "रीळ यायचंय," म्हणाले, आणि सांगू लागले : बाप दारात येतो, चपला काढतो, आधी पाणी मागतो...

मला रागच आला. पोरीला खोटी आशा लावू नका, असं मी त्यांना स्वयंपाकघरात गाठून सुनावलं.

"खोटं कुठलं गं?" नाना म्हणाले. "रीळच आलेलं नाही अजून. ते येईस्तोवर पडद्यापुढं कुणीतरी बोलत राहावं लागतंय. नाहीतर लोकं अंधारातनं उठून जात्यात."

रोज तोच खेळ, रोज तोच शेवट. मी भाजी चिरता चिरता ऐकू लागले होते, हेही सांगितलं पाहिजे. एके दुपारी सईचे बाबा खरंच दारात उभे राहिले, दाढी वाढलेली, पाय सुजलेले. ते उंबऱ्यातच बसले. सईनं न मागताच पाण्याचा तांब्या आणून पुढं धरला. तिला ठाऊकच होतं ना.

त्यानंतर आम्ही गावी गेलो; लढाई संपल्यावर यंदा परत आलो. टीव्ही नवा, कॅसेट तीच. फोन आला त्या संध्याकाळी सईनं ती लावली, आवाज बंद केला आणि शेवटाआधी बटण दाबलं.

"आई, रीळ नाही आलं. यू टेल."

मी लाटणं घेऊन टीव्हीशेजारी उभी राहिले. सुरुवात केली. दारात एक म्हातारा आला, म्हटलं. त्यानं चपला काढल्या.

सई पाणी आणायला उठली.