पॅनलमागची सव्वा फूट जागा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात माझ्या मसाल्याच्या गिरणीत होतो. कांडपाच्या आवाजात अक्काचं काही ऐकू येईना, म्हणून मीच ओरडत होतो, "मोठ्यानं बोल गं!" बिचारीला नवऱ्याचं जाणं दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं... असा मी भाऊ. त्याला आता सहा आठवडे झाले.

विष्णुदाजी कन्हेरीचे, परवान्याचे वायरमन. गिरणी काढली तेव्हा विजेचा पॅनल बसवायला घरचा माणूस म्हणून मी त्यांनाच बोलावलं. घरच्या माणसाचं ऐकायचं नसतं, हाही आमच्याकडचा रिवाजच. खोली म्हणजे रेल्वेचा डबा, नुसतीच लांब. दाजींनी टेप लावला आणि म्हणाले, "सुरेशराव, पॅनलपुढं मीटरभर जागा मोकळी पायजे. आन् मागं एकतर वीतभर, न्हायतर माणूस सरळ चालत जाईल एवढी. मधलं चालत न्हाय."

"का? सरकारला मधल्याचं वावडं हाय का?"

"वीतभर जागंत माणूस शिरतच न्हाय. मधल्यात शिरतो, आन् मग निघत न्हाय."

त्यांनी मागं ऐसपैस वाट ठेवून पॅनल उभा केला. बोल्ट आवळायचे जेवणानंतर ठरले. माझा जीव मात्र पुढच्या जागेत अडकलेला. मिरचीची पोती ठेवायची कुठं? मी दाजींना घरी जेवायला धाडलं, बायकोला बजावलं, "आग्रह करकरून वाढ." आणि बाजारातले दोन हमाल आणून पॅनल मागं सरकवला. मागं राहिली सव्वा फूट. हमाल गेले. मी वाकून खूश होऊन बघतोय, तोच चष्मा मागं पडला.

आत शिरलो तो पोट आवळून. चष्मा हाताला लागला, श्वास सोडला, आणि पोट पुन्हा आपल्या मूळ आकाराला आलं. पाठीला भिंत, छातीला पत्रा, मान एकाच बाजूला. हाका मारून घसा बसला. बायको तिकडं आग्रह करत होती... तासभर मी माझ्याच श्वासाचा वास घेत उभा होतो.

दाजी आले. आधी केबल जोडलेली नाही याची खात्री केली, मग आत डोकावले. "समजा लाईन चालू हाय, तर कुठं पळाल?"

"हसू नका, दाजी."

"हसत न्हाय. भ्यालोय."

त्यांनी पहारीनं पॅनल पुढं रेटला.

बाहेर येईस्तोवर पेठेतली माणसं जमली. कुणीतरी विचारलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "दाजींनी बोल्ट आवळले नव्हते, पॅनल सरकला." दाजी वायरचं भेंडोळं गुंडाळत होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा गुंडाळायला लागले. पुढं इंदापुरातली त्यांची ठरलेली दोन कामं दुसऱ्याकडं गेली. दर दिवाळीला मी ठरवायचो, यंदा अक्कापुढं सांगून टाकू. मग फराळ यायचा, आणि तोंड त्यातच गुंतायचं.

दशक्रियेला त्यांच्या हाताखाली शिकलेला पणदऱ्याचा एक वायरमन बोलायला उभा राहिला. "मास्तरांच्या हातनं बोल्ट एकदाच सैल ऱ्हायला, इंदापुरात. माणूसच हाय, चुकतो." लोकांनी माना हलवल्या. अक्कानंही. मी उठलो... म्हणजे अर्धा उठलो. गुडघे वाकलेले, हात मांड्यांवर. शेजारच्याला वाटलं पायाला मुंग्या आल्या. मी पुन्हा बसलो.

म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितो. पॅनल मी सरकवला होता. अक्का, दाजी चुकले नव्हते.

त्या दिवशी दाजींनी पॅनल पुन्हा पुढं घेतला, बोल्ट आवळले आणि मगच काम पुरं झाल्याच्या कागदावर सही केली. सकाळी गिरणी चालू करण्याआधी मी त्या पॅनलमागून एक फेरी मारतो. माणूस सरळ चालत जाईल एवढी वाट आहे. तरी रोज, बरोबर मधोमध आलो की, मी पोट आत घेतो.