गाडीत मासे आणायचे नाहीत

माझे बाबा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. रत्नागिरीहून देवरूख, रत्नागिरीहून कोल्हापूर, आंबा घाटातलं धुकं, सगळं आयुष्यभर केलं आणि एक साधी ठोकर न देता रिटायर झाले. मग त्यांनी एक जुनी, कुणीतरी वापरून सोडलेली छोटी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, गाडीत मासे आणायचे नाहीत. बसमध्ये मासळीच्या टोपल्यांचं पाणी बघून बघून त्यांचं डोकं फिरलं होतं. ताटात मात्र मासे हवेतच. ते रिक्षाने आणा, नाहीतर चालत आणा, तो आमचा प्रश्न.

मी शाळेत शिकवते आणि राहते बाबांच्या घराच्या दोन आळ्या पलीकडे. स्वभावाने तापट. रविवारी सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीला जायला रिक्षावाल्यांशी हुज्जत घालायला मला अजिबात वेळ नसतो. मग काय, "जरा मैत्रिणीकडे जाऊन येते" म्हणून बाबांची गाडी काढायची, जेटीवर जायचं, कोळंबी घ्यायची आणि पिशवी दोन सीटच्या मध्ये हॅन्डब्रेकच्या दांडीला अडकवायची. खाली ठेवली तर पायपुसण्याला वास राहतो, एवढी अक्कल मला होती. घरी आल्यावर लिंबाच्या साली फिरवायच्या. "गाडीला लिंबाचा वास येतो हो छान," बाबा म्हणायचे आणि दुपारी तीच कोळंबी बोटं चाटून खायचे.

तुम्हाला एव्हाना सगळं कळलं असेल. मला कळायला दीड महिना लागला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गाडीच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा मधूनच पेटायला लागला. माझा धाकटा भाऊ लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत आहे. तो सुट्टीला आला होता, बाबांच्या शेजारी बसला होता. दिवा बघून हसत म्हणाला, "बाबा, हॅन्डब्रेक लावून गाडी चालवता की काय? वय झालं हां आता!" बाबांनी दांडीला हात लावला. दांडी खालीच होती. "राहिला असेल अर्धा," ते म्हणाले आणि दांडी पुन्हा एकदा खाली दाबून पाहिली.

आठवड्याभरात दिवा कायमचा लागला. बिघाड असलेली गाडी आयुष्यात डेपोबाहेर न काढलेला माणूस तो. त्यांनी गाडी शेडखाली लावली, चाकामागे जांभ्या दगडाचा चिरा ठेवला आणि किल्ली खिळ्याला टांगली. मेकॅनिक आला. त्याने खिडकीतून दिवा बघितला, बोनेटसुद्धा उघडलं नाही, आणि म्हणाला, "ब्रेकचे लायनर जळले असणार. सगळंच खोलावं लागेल." आकडा असा सांगितला, की भावाने तिथल्या तिथे निकाल दिला, "विकून टाकू. बाबांनी आता चालवायची गरजच काय?"

मला वाटलं, खर्चापायी बाबा गप्प आहेत. पण एकदा मधल्या सुट्टीत शाळेत त्यांचा फोन आला. "मी गॅस बंद केला का गो?" मी इथे शाळेत, मला काय ठाऊक! मी खेकसलेच त्यांच्यावर. मग लक्षात आलं, हल्ली ते घराला कुलूप लावतात, पायऱ्या उतरतात, परत वर जातात आणि कुलूप ओढून बघतात. दोनदा, तीनदा.

एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच सांगितलं. "विकायला सांग त्याला गाडी. हॅन्डब्रेक लावून मीच चालवली असणार. लायनर मीच जाळले. डोकं राहिलं नाही गो आता माझं."

आजोबांना शेवटी घरातल्या कुणाचीच ओळख राहिली नव्हती. बाबांनीच त्यांना वर्षानुवर्षं भरवलं होतं. दीड महिना हा माणूस त्या दिव्याकडे बघून काय समजत होता, ते मला तेव्हा कळलं, आणि माझा मलाच संताप आला.

"विकायचं मागाहून बघू," मी म्हटलं. "आधी दिवा का लागतो ते बघू. बघायला काय पैसे पडतात?"

रविवारी सकाळी मी गाडीच्या खणातलं पुस्तक काढून वाचलं. बाबा खुर्ची टाकून परीक्षकासारखे बसले. त्यांना बसचे हवेचे ब्रेक पाठ, पण या गाडीचं बोनेट त्यांनी पाण्यापुरतंच उघडलेलं. पुस्तकात लिहिलं होतं, हा दिवा दोन कारणांनी लागतो, हॅन्डब्रेक वर असेल तर, किंवा ब्रेक ऑइल कमी झालं तर. किल्ली फिरवून दिवा पेटता ठेवला आणि बोनेट उघडलं. ऑइलची पांढरी टाकी सापडली, तेल दोन रेघांच्या मध्ये, अगदी व्यवस्थित. टाकीच्या झाकणावरची वायर काढून पाहिली. दिवा तसाच. म्हणजे भानगड तेलाची नव्हती.

मग पुढच्या चाकांना चिरे लावले, मागचं एक चाक जॅकवर उचललं, हॅन्डब्रेक खाली केला आणि चाकाला हात मारला. चाक गरगर फिरलं. दांडी वर ओढली तेव्हा घट्ट धरलं, खाली केली तेव्हा पुन्हा सुटलं.

"बाबा, जळलेल्या लायनरचं चाक असं फिरतं, असं धरतं?"

बाबा खुर्चीवरून उठले. त्यांनी स्वतः फिरवलं. मग मला दुसरं चाक उचलायला लावलं आणि तेही फिरवलं. "नाही," ते म्हणाले. "ही चाकं झकास आहेत." पण चेहरा अजून उतरलेलाच. "मग दिवा का?"

उरली हॅन्डब्रेकची दांडी. तिच्या बुडाचं प्लास्टिकचं झाकण दोन स्क्रूंवर होतं. ते मी काढलं, बाबांनी चष्मा लावून टॉर्च धरला. आत एक छोटं बटण, त्यावर मिठाचे पांढरे पोपडे आणि गंज, दाबलं तरी हलेना. त्याची वायर ओढली आणि दिवा विझला. मी टाळी वाजवली!

बाबांनी वाजवली नाही. बटणाच्या बाजूला काहीतरी चिकटलं होतं, ते त्यांनी नखाने उचलून तळहातावर घेतलं. वाळून खडंग झालेली कोळंबी, मिशांसकट.

मांजराने आणली असेल, असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बाबा हळूच म्हणाले, "मी कधी आणले होते का गो मासे गाडीतून? मला काही आठवतच नाही."

मांजर घशातच राहिलं.

"मी आणली, बाबा. दर रविवारी. दोन वर्षं."

"मैत्रिणीकडे जायचीस ना?"

"मैत्रीण नाहीच आहे कोणी. पिशवी या दांडीला अडकवायचे. पाणी गळलं असणार."

"म्हणजे मी काही विसरलो नव्हतो?"

"काहीसुद्धा नाही."

मग ते जे सुटले! खोटारडी, मिठाचं पाणी, लोखंडाची वाट, लिंबाच्या साली, मास्तरीण म्हणवतेस स्वतःला! शेजारचे कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मी मान खाली घालून ऐकत होते आणि इतकं बरं वाटत होतं, की काय सांगू.

बटण पॉलिश पेपरने घासलं, तेलाचा थेंब सोडला, वायर जोडली. दांडी वर, दिवा लागला. दांडी खाली, दिवा विझला. बाबांनी दहा वेळा करून पाहिलं. जॅक काढला आणि आळीतच गाडी पुढे-मागे घेऊन ब्रेक मारून पाहिले. मग ओरडले, "चल, जेटीवर. झाकणाचा डबा घे. येताना मांडीवर धरून बसायचं."

मी डबा घेऊन गाडीत बसले. बाबांनी दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, पायऱ्या उतरले आणि सरळ येऊन स्टिअरिंगला बसले. परत वर गेले नाहीत. मला काही आवरेना, डब्यावर डोकं टेकून मी ढसाढसा रडले.

बाबांनी हॅन्डब्रेक खाली घेतला. "आता डबा रिकामा आहे तोवर रडून घे," ते म्हणाले. "येताना थेंब सांडलास तर बघ."