दोन थेंब तेल

माझ्या बायकोची कानाची दोन्ही मशीनं मी मारली. गेली दोन वर्षं आमच्या घरात हा गुन्हा तिच्या नावावर आहे. ती आता नाही, त्यामुळे तो माझ्या नावावर करून घ्यायचा अर्ज मलाच लिहावा लागतोय. हा तो अर्ज.

मालतीची धाकटी बहीण कुसुम सांगलीला असते. ती रोज दुपारी चार वाजता फोन करायची आणि दोघी अर्धा तास बोलायच्या. (कशाबद्दल, ते विचारू नये. एकदा विचारलं तर "तुमच्याबद्दल" असं उत्तर मिळालं होतं.) पुढे पुढे मालती फोनवर नुसतं "हं, हं" म्हणायला लागली. मी विचारलं, "काय म्हणत होती कुसुम?"

"काय की! पण हसत होती, म्हणून मीही हसले."

आमच्या अभयनं हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला कर्वे रस्त्यावरच्या कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनी मालतीच्या कानांत गुलाबी लगदा भरून साचे घेतले आणि काही दिवसांनी तिच्याच कानांच्या मापाची दोन इवलीशी मशीनं हातात ठेवली. उजव्याला लाल खूण, डाव्याला निळी.

"निळं माझ्या एकाही साडीवर जात नाही," मालती म्हणाली. मशीन कानात गेल्यावर मात्र तिनं एकदम वर पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अहो, तो पंखा केवढा आवाज करतोय!" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पंख्याचा आवाज ऐकून रडलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

मग मॅडमनी टेबलावर सगळा संसार मांडला. "ही सुकवायची डबी. रोज झोपताना मशीनं यात ठेवायची, ओलावा निघून जातो. या मळ अडवणाऱ्या बारीक जाळ्या, भरल्या की बदलायच्या. हा ब्रश. आणि ही दोरी, कपड्याला चिमटा लावला की मशीन खाली पडत नाही."

"मॅडम," मी म्हणालो, "मी पिंपरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मशीनं सांभाळली आहेत. फोरमन होतो. आमच्याकडे डब्या आहेत."

"अहो, निदान दोरी तरी घेऊ या ना," मालती म्हणाली.

"दोरी? गाय आहेस का तू?"

हे मी म्हणालो! चारचौघांत! आणि तिला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. मशीनमधून तिनं ऐकलेलं माझं पहिलं सुवचन ते.

मग आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये माझा देखभाल विभाग सुरू झाला. सुकवायची डबी म्हणून मी हिंगाची रिकामी डबी घेतली आणि बुटांच्या खोक्यांतून साठवलेल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या तिच्यात टाकल्या. (डबी मी तीनदा धुतली होती. पण हिंग तो हिंग!) चार दिवसांनी मालती म्हणाली, "कुसुमचा फोन आला की कानात फोडणी बसल्यासारखं वाटतं हो."

जाळ्या बदलण्याऐवजी मी त्या सुईनं टोकरायचो. मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी न उघडता खणात ठेवलं होतं. फोरमननं पुस्तक वाचायचं म्हणजे हाताखालच्या माणसांना काय वाटेल? (हाताखाली आता कोणीच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

आणि एके दिवशी उजवं मशीन शिट्टी मारायला लागलं. गंमत अशी, की ती शिट्टी मालतीला ऐकूच यायची नाही. मला मात्र बाहेरच्या खोलीत ऐकू यायची. मी उठून गॅस बंद करायचो. दोन दिवस आम्ही कच्चा भात खाल्ला! तिसऱ्या दिवशी मालतीनं चिमटीत भाताचं शीत धरून विचारलं, "अहो, गॅस कोण बंद करतंय?"

"शिट्ट्या झाल्या ना!"

"आज कुकर लावलाच नव्हता. हा भात पातेल्यातला आहे."

तेव्हा मला उलगडा झाला. मशीन कानात नीट बसलं नाही किंवा मळ साचला, की ते शिट्टी मारतं. पुस्तकाच्या चौथ्या पानावर हे चित्रासकट दिलेलं आहे. पण मी कारखान्यातला माणूस. कुरकुरणाऱ्या मशीनवर आमच्याकडे एकच औषध!

दुपारी मालती आडवी झाली होती. मशीनं हिंगाच्या डबीत होती. मी तिच्या शिवणाच्या मशीनचा खण उघडला, तेलाची कुपी काढली आणि उजव्या मशीनच्या भोकात दोन थेंब सोडले. डाव्याची काहीच तक्रार नव्हती. पण एकाला तेल आणि दुसरं उपाशी, हे माझ्या तत्त्वात बसेना. त्यालाही दोन थेंब दिले.

शिट्टी बंद झाली. कायमची. तिच्याबरोबर बाकीचंही सगळं बंद झालं.

चार वाजता फोन वाजला तो मी उचलून मालतीला दिला. तिनं तो कानाला लावला, हलवला, दुसऱ्या कानाला लावला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "कुसुम आज बोलत का नाहीये?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मॅडमनी भिंगातून मशीनं पाहिली. "आत तेल गेलंय. ही आता दुरुस्त होणार नाहीत." मग मोठ्यानं, "काकू, कानात तेल घातलं होतं का?"

'मी' हे एवढंसं अक्षर! ते जिभेवर आलं आणि तिथंच बसून राहिलं.

मालतीनं मॅडमकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग शांतपणे म्हणाली, "हो. मीच घातलं. सवय आहे जुनी."

"आई!" अभय ओरडला. "किती वेळा सांगितलं तुला!" कर्वे रस्त्यापासून वारज्यापर्यंत तो गाडी चालवता चालवता तिला रागवत होता. तिला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. ते सगळं ऐकायला गाडीत मी एकटाच होतो.

अभय नवीन मशीनं करायला तयार होता. तिनं ऐकलं नाही. "नको रे. या घरात ती टिकायची नाहीत," म्हणाली.

त्यानंतर बहिणींचा फोन माझ्यामार्फत चालू झाला. कुसुम मला सांगायची आणि मी मालतीच्या कानाशी ओरडायचो.

"भावोजी, तिला म्हणावं, तब्येत सांभाळ."

"तब्येत सांभाळ म्हणते!"

"आणि म्हणावं, नवऱ्याच्या भरवशावर राहू नकोस."

"बाकी सगळं ठीक आहे म्हणते!"

अर्ध्या तासाचा फोन पाच मिनिटांवर आला, मग आठवड्यातून एकदा. ओरडून काय काय सांगणार? मालती मग चार वाजता नुसतीच फोनजवळ बसून राहायची. मी समोर पेपर धरून बसायचो. त्या दिवसांत मी एवढे पेपर धरले, पण एकही बातमी आठवत नाही.

शेवटी ती आजारी पडली, दवाखान्यात होती, तेव्हा मी कॉटपाशी वाकून सगळं सांगितलं. सुई, कुपी, चार थेंब, सगळं. ओरडून सांगायची लाज वाटली, म्हणून हळू आवाजात सांगितलं. तिनं माझा हात थोपटला आणि म्हणाली, "जेवून घ्या."

आता माझेही कान गेले आहेत. माझ्याही मापाची मशीनं झाली. या वेळी मी डबी घेतली, जाळ्या घेतल्या, ब्रश घेतला आणि (होय!) दोरीसुद्धा घेतली. अभय परवा कौतुकानं म्हणाला, "बाबा, तुम्ही किती नीट ठेवता हो! आईला नाहीच जमलं ते."

त्याच दिवशी दाराची बिजागरी कुरकुरत होती. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच शिवणाच्या मशीनचा तो खण उघडला. कुपीच्या मानेला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याची पाटी बांधलेली होती. मालतीचं टपोरं अक्षर:

'हे तेल शिवणाच्या मशीनचे आहे. कानाच्या नव्हे.'

मी तिथंच जमिनीवर बसलो. हसायला आलं, आणि मग हसू थांबलं तरी मी बराच वेळ बसूनच होतो.

संध्याकाळी अभयला म्हणालो, "अरे, आईची मशीनं मी बिघडवली." त्यानं एक बोट वर केलं. कानात यंत्र खुपसून तो ऑफिसशी बोलत होता. म्हणजे मी जन्मात दोनदा खरं बोललो. पहिल्यांदा ऐकणारीच्या कानात मशीन नव्हतं आणि दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याच्या कानात होतं!

म्हणून हे लिहून ठेवलं. अभय, वाच. आईला नाही, मला नाही जमलं.

पाटी मी फेकलेली नाही. सोडवून माझ्या मशीनच्या डबीला बांधली आहे. ज्याच्यासाठी तिनं ती लिहिली, तो गृहस्थ अजून याच घरात राहतो.