वेंकोबरावांचा खराटा

वेंकोबराव रस्त्यानं चालतानासुद्धा उजवा हात पुढे धरून चालायचे. आंधळे नव्हते हो! डोळे चांगले घारे, तीक्ष्ण. मैलापूरला आमच्या वरच्या मजल्यावर ते आणि त्यांच्या रुक्माबाई राहायच्या. मी एकदा जिन्यात विचारलंच, "अहो, हात असा काय धरता?" तर म्हणाले, "कामाची सवय, अक्का. आमचा जाळ दिवसां दिसत नाहीं."

हे तंजावरकडचे मराठी. बोलायला लागले की कुणी जुनं दप्तर मोठ्यानं वाचतंय असं वाटायचं, आणि मध्येच 'सरि सरि', मध्येच 'अय्यो'. मी सांगलीची, शाळा चौथीत सुटलेली. आमच्या ह्यांची बदली झाली म्हणून मद्रासला आले. बसच्या पाट्या दाखवून मला तमिळ अक्षरं शिकवली ती वेंकोबरावांनीच. आणि हायड्रोजनही त्यांनीच शिकवला.

मद्रासबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला एका कारखान्याच्या शेडमध्ये त्या वायूवर चालणारी तीनचाकी बनवत होते, त्यातले हे जुने फिटर. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. एक दिवस स्टीलच्या तांब्यात पाणी घेऊन दारात उभे. "घ्या, हा आमच्या गाडीचा धूर!" मी वाकून बघितलं, स्वच्छ पाणी. "हा वायू जळला कीं पाणीच होतें. प्या." मी कशाला पितेय? तर स्वतःच घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "सांगलीचे लोक भित्रे!"

गच्चीवर मी सांडगे घातले होते तेव्हाचंही आठवतं. "अक्का, तुमचे सांडगे वाळवितो कोण?"

"सूर्य. आणखी कोण?"

"सूर्य म्हणजे बराचसा हाच वायू. पण तिकडें जाळ नाहीं हां, जळायास हवा कुठली? पोटांत दाब एवढा कीं अणूंत अणू मिसळतो, त्याचा हेलियम होतो. त्यांतून जें तेज निघतें तें तुमच्या सांडग्यांवर पडतें."

"अगंबाई! मग तो वायू संपायचा कधी?"

"तुमचे सांडगे वाळल्यावर."

असा माणूस. पण कामात गंमत नाही. ह्या वायूला वास नाही, गळला की एवढ्याशा ठिणगीनंही पेटतो, आणि जाळाला रंग नाही, उन्हात तर काहीच दिसत नाही. नळीतून सूं असा आवाज आला की वेंकोबराव माडाच्या हिरांचा खराटा लांब बांबूला बांधलेला, तो पुढे धरून हळूहळू जायचे. खराटा पेटला की समजायचं, जाळ इथे आहे. मग लांबून मुख्य वाल्व बंद करायचा. जाळ ओळखणारं यंत्र परदेशातून यायचं होतं, ते येतच होतं. "खराटा माझा डोळा," म्हणायचे. शेडमधल्या सगळ्यांना त्यांनी ही रीत लावली.

आयुधपूजा आली. तिकडे त्या दिवशी सगळी हत्यारं देवापुढे मांडतात, गंध-कुंकू लावतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलत नाहीत. पान्यांच्या शेजारी वेंकोबरावांनी खराटा ठेवला. हौसेनं नवा टेरिलिनचा सदरा घातला होता. पूजेनंतर गाडीत वायू भरून ती चाकांखाली लिंबं चिरडत न्यायची तिकडची रीत, म्हणून नळीत वायू सोडलेला. भर दुपारी जोडाजवळ सूं आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. फोरमन सेल्वम म्हणाला, "थांबा, खराटा घेतो." वेंकोबरावांनीच त्याचा हात धरला. "आज नको. पूजेंतला आहे. चार पावलें तर जायचीं." आणि गेले, हात पुढे धरून. हाताला कळेपर्यंत सदऱ्यानं पेट घेतला होता.

इस्पितळात मला आत सोडलं ते तोंडाला कापड बांधून. पट्ट्यांतून वेंकोबरावांचे नुसते डोळे आणि ओठ दिसत होते. कारखान्याचा एक साहेब येऊन रुक्माबाईंना सांगून गेला होता, पूजेचं कुठे बोलू नका, लोक हसतील. वेंकोबरावांनी मला जवळ बोलावलं. "अक्का, कागद घ्या. तमिळांत लिहा."

"मला कुठं येतंय एवढं! नर्सला सांगू?"

"ती इस्पितळाचा कागद करील, तो साहेबाकडेच जाईल. तुम्ही लिहा, मी अक्षरें सांगतों. शेडमध्यें सहा जण आहेत, अक्का. सहा घरें."

एकेक अक्षर सांगत होते, मध्ये दम लागायचा, मग मी पाणी लावलेला कापूस ओठांवर फिरवायची. दोन ओळींना अर्धा तास लागला असेल. 'चूक माझी. खराटा पूजेंत ठेवूं नका. ठेवलाच तर उचला, देव रागावत नाहीं.' माझं एक अक्षर चुकलं ते त्यांनी तसल्या अवस्थेत दुरुस्त करायला लावलं. चौथ्या दिवशी सकाळी गेले.

तेराव्यानंतर मी आणि रुक्माबाई तो कागद घेऊन बसनं शेडवर गेलो. सेल्वमनं मान खाली घालून वाचला, डोळे पुसले. मग कागदाला हळद-कुंकू लावून वेंकोबरावांच्या फोटोखाली ठेवला. फोटो देवांच्या तसबिरींजवळच लावला होता. आणि फोटोच्या कडेला तोच खराटा, हार घातलेला, गंधाचे ठिपके तसेच. पूजेच्या दिवसापासून कुणी वापरला नव्हता. मागे नळीत वायू भरणं चाललं होतं आणि माणसं रिकाम्या हातांनी ये-जा करत होती.

मी हार काढला, खराटा ओढला आणि सेल्वमच्या पुढ्यात धरला. मोडक्या तमिळमध्ये ओरडले, "घे! वाचलंस ना आत्ता? घे हातात!"

"अम्मा," तो म्हणाला, "वेंकोबराव अय्यांचा आहे हा." दोन्ही हातांनी त्यानं खराटा घेतला, डोळ्यांना लावला आणि अलगद परत फोटोपाशी ठेवला.