दोन चिरांमधलं अंतर

सानगडीतला तो वेल्डर माझ्याकडे शाळेतले उरलेले खडू मागायचा. लोखंडावर डिझेल लावून पुसायचा, वर खडूची भुकटी चोळायचा आणि उकिडवा बसून वाट बघायचा. चीर असली तर पांढऱ्यावर ओली रेघ उमटे. बोलायचा कमी, आणि तेही लोखंडाकडे बघत.

गेल्या रोवणीत, भातलावणीच्या दिवसांत, माझ्या ट्रॉलीचा ट्रॅक्टरला जोडायचा दांडा आवाज करू लागला, म्हणून मी तो काढून त्याच्याकडे नेला. खडूवर दोन बारीक रेघा उमटल्या. मधे बोटभर अंतर होतं.

"वरून वेल्डिंग मारून दे, भाऊ. उद्या बाया न्यायच्या आहेत," मी म्हटलं.

"झाकल्यानं थांबत नाही, गुरुजी. दर धक्क्याले एकमेकीकडे सरकून राहिल्या. भेटल्या का दांडा तुटते."

"आजवर तर काही झालं नाही."

त्यानं दांडा शिकंज्यात आवळला आणि मला न विचारता घण घातला. दुसऱ्या घावाला दांडा तुटला.

"काहून तोडला?" मी चिडून म्हणालो.

त्यानं तुटलेलं टोक माझ्यापुढे धरलं. आतलं लोखंड जुन्या गंजानं काळं पडलं होतं. आत्ता तुटलेली मधली पट्टी तेवढी चकाकत होती; वर बोटभर वाटलेली, आत नखाएवढी.

"आज ट्रॉलीत कितीक बाया होत्या?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

सकाळीच तळ्याच्या पाळीवरच्या अरुंद वाटेनं अठराजणींना मी भाताच्या बांधीवर सोडून आलो होतो. माझी बायकोही त्यांत होती.